दुधात बुडवलेली कात्री

पेपर तपासणीसाठी अकलूजहून सोलापूरला आले की दुपारच्या सुट्टीत मी एकदा तरी कॉलेजच्या मागच्या अंगाला जाऊन येते. सोबतच्या मॅडम चहाला हाक मारतात, मी काहीतरी कारण सांगून सटकते. पाण्याच्या टाकीला वळसा घातला की निंबाची तीन झाडं आणि त्यांच्या पलीकडं जाळीघर. म्हणजे आता नुसते जाळीघराचे लोखंडी खांब. जाळी केव्हाच गेली. आत गुडघ्याएवढं गाजरगवत माजलंय आणि एका कोपऱ्यात मोडक्या बाकांची चळत लावून ठेवलीय. यंदाही गेले. उन्हानं तापलेल्या खांबाला हात लावला, चटका बसला, आणि एकाएकी टोमॅटोच्या चुरगळलेल्या पानाचा वास आला.

तिथं टोमॅटोचं एक रोप नव्हतं. तो वास माझ्याच जवळचा. पंचवीस वर्षं झाली, साबणानं गेला नाही. हिरवट, जरा उग्र, बोटं पिवळी करणारा. त्याच्यामागून मग बाकीचे वास येतात. ओल्या मातीचा, गाळलेल्या शेणखताचा, बर्फाच्या लादीला चिकटलेल्या भुशाचा, आणि उन्हात नासायला आलेल्या दुधाचा. दूध कशाला, ते सांगते.

करमाळ्याहून एम.एस्सी. करायला मी सोलापूरला आले आणि शिक्षण संपल्यावर दोन-अडीच वर्षं गड्डम मॅडमच्या हाताखाली संशोधन साहाय्यक म्हणून राहिले. मॅडम वनस्पतींच्या विषाणूंवर काम करायच्या. तेव्हा त्या पन्नाशीच्या असतील. बुटक्या, सावळ्या, मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ. अशोक चौकाकडून सायकलवर यायच्या. हँडलला एका बाजूला डबा आणि दुसऱ्या बाजूला बर्फाचा थर्मास. प्रयोगशाळेतला फ्रिज विजेच्या लहरीवर चालायचा, म्हणून मॅडम वाटेतल्या बर्फवाल्याकडून रोज बर्फ घ्यायच्या. तो बर्फवाला इतक्या वर्षांत त्यांना एकच प्रश्न विचारायचा, "आज कोन आजारी हाय, बाई?" आणि मॅडम गंभीरपणे सांगायच्या, "आज पपई."

जाळीघराला दोन दारं होती, एकामागं एक. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, म्हणजे पांढरी माशी आत शिरत नाही. दोन दारांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बादली, साबण आणि मॅडमची तपासणी. त्या आधी स्वतःची नखं बघायच्या, मग माझी. मग आम्ही आत जायचो. आत हवा कोंदट, मऊ, पाण्याची. कुंड्यांत चाकवताच्या जातीची रोपं ओळीनं उभी. ही आमची साक्षीदार. आजारी झाडाचं पान बर्फावर ठेवलेल्या खलात वाटायचं, त्याचा रस चाकवताच्या पानावर बोटानं चोळायचा. विषाणू असेल तर तीन-चार दिवसांत त्या पानावर बारीक पिवळे ठिपके उठतात. जितका विषाणू, तितके ठिपके. ते भिंगातून मोजायचे.

चोळण्याआधी पानावर कार्बोरंडमची पूड भुरभुरायची. चाकू-सुऱ्यांना धार लावायचा दगड असतो ना, त्याच जातीची पूड, पण पिठासारखी बारीक. तिच्यानं पानाची कातडी नकळत खरचटते आणि विषाणूला आत जायला वाट मिळते. कमी चोळलं तर काहीच होत नाही. जास्त चोळलं तर पान मरतं. पहिल्या महिन्यात मी शेकड्यानं पानं मारली. मॅडम रागावल्या नाहीत. माझं बोट आपल्या हातात धरून त्यांनी ते पानावरून फिरवलं. "एवढंच. बाळाच्या गालाला लावतेस तेवढं," म्हणाल्या.

"विषाणूला पाय नाहीत, पंख नाहीत, तोंड नाही," त्या म्हणायच्या. "त्याला कुणीतरी न्यावं लागतं. कुणी नेलं, एवढंच आपल्याला शोधायचंय."

रविवारी कधीकधी त्या मला जेवायला घरी न्यायच्या. विणकरांच्या वस्तीतलं दुमजली घर. खाली भाड्यानं दिलेला चार मागांचा कारखाना, वर मॅडम आणि त्यांचे वडील. जिना चढताना पायऱ्या थरथरायच्या. जेवताना ताटातली आमटी मागांच्या ठेक्यावर हलायची. पहिल्या दिवशी मला वाटलं, आपल्याला भोवळ येतेय. मॅडमना ते जाणवतच नसे. उलट दुपारी माग थांबले की त्या बोलता बोलता मध्येच थांबायच्या, कुणीतरी खोलीतून उठून गेल्यासारख्या. वस्तीभर सुताला लावायच्या खळीचा वास असे, आणि दारोदारी वाळत घातलेले रंगीत टॉवेल. इतक्या घरांपुढं इतके टॉवेल, पण पाहुण्याला हात पुसायला मॅडम नेहमी जुना, विरलेला द्यायच्या. नवा पाणी टिपत नाही म्हणून.

त्यांच्या वडलांना सगळी वस्ती नायना म्हणे, मीही तेच म्हणू लागले. तेलुगूत बापाला नायना म्हणतात. आयुष्यभर त्यांनी जॉबरचं काम केलं, म्हणजे माग बिघडला की दुरुस्त करायचा. डोळ्यांना फारसं दिसत नव्हतं. तरी शेजारपाजारचे कारखानदार आपले धोटे घेऊन त्यांच्याकडं यायचे. धोटा म्हणजे मागावर बाण्याचं, म्हणजे आडवं सूत इकडून तिकडं नेणारं होडीसारखं लाकूड, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेलं. नायना तो मांडीवर घेऊन डोळे मिटायचे, अंगठा फिरवायचे आणि सांगायचे, "हे डावीकडं खाल्लंय. तुझा माग वाकडा मारतोय. धोटा बदलू नको, माग सरळ कर." एकदा मी विचारलं, "नायना, अंगठ्याला कसं कळतं?" ते हसले. म्हणाले, "अम्मायी, लोखंड म्हातारं होते की त्याला खिसे पडतेत. वरनं गुळगुळीत दिसतंय. अंगठा आत जातंय." अम्मायी म्हणजे पोरी, मला ते तशीच हाक मारायचे. मराठी बोलताना त्यांची शब्दांची लिंगं अशी गडबडायची. ज्ञान मात्र पक्कं होतं. मॅडम भात वाढता वाढता ऐकत होत्या.

त्या हिवाळ्यात आम्ही मोहोळच्या बाजूच्या एका गावात टोमॅटोची पाहणी करत होतो. सुभद्राकाकी म्हणून एक बाई तिथं रोपं तयार करायच्या. नवरा वारलेला, अर्धा एकर रान. वाफ्यावर बी टाकून त्या रोपं वाढवत आणि गावातल्या चार-पाच घरांना देत. काकींचं रोप म्हणजे गावात खात्रीचं रोप. त्यांच्याच रानात मॅडमना एक आजारी झाड दिसलं, पानावर हिरव्या-पिवळ्या चट्ट्यांची नक्षी पडलेलं. एकच झाड. बाकीच्यांत रोग लपलेला आहे का हे बघायला प्रत्येक झाडाचं एक कोवळं पान कापून न्यायचं ठरलं. काकींच्या रानातलं, आणि त्यांची रोपं नेलेल्या चार शेजाऱ्यांच्या रानातलंही.

पानं कापायचं काम माझ्याकडं. डाव्या हातात स्टीलचा डबा, त्यात दुधाच्या पावडरीचं दाट पाणी. एक पान कापलं की कात्री त्यात बुडवायची, हलवायची, मग पुढचं झाड. दुधानं हा विषाणू निकामी होतो, म्हणून. खुरपणाऱ्या बायका काम टाकून बघत बसल्या. "आगं बया, कात्रीला दूध पाजतीया की ही!" एक जण म्हणाली. "दिवसाला किती पिती गं तुझी कात्री?" मीही हसले. सकाळी नऊला सुरू केलेलं काम संध्याकाळी संपलं. शेवटी शेवटी डब्यातल्या दुधाला वास यायला लागला होता आणि माझ्या खांद्याला रग लागली होती. जेवण काकींनी रानातच दिलं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, आणि त्यांच्या हातचं ताक.

तीन आठवड्यांनी गावातून निरोप आला. पाचही रानांत रोग पडला होता.

आम्ही पोचलो तेव्हा काकींच्या दारात माणसं उभी होती. कुणी शिव्या देत नव्हतं, पण कुणी त्यांच्याकडं बघतही नव्हतं, ते जास्त वाईट होतं. एक जण मॅडमना म्हणाला, "रोपच नासकं हुतं, बाई. आमी डोळे झाकून नेलं. आता पुन्यांदा कोन नेतंय हिच्याकडनं?" काकी उंबऱ्याला टेकून उभ्या होत्या. हातातला पदर नुसता पिळत होत्या.

मॅडम कुणाशी न बोलता रानात शिरल्या. बांधापासून विहिरीपर्यंत प्रत्येक ओळ त्यांनी चालून पाहिली, आजारी झाड दिसलं की कागदावर फुली. मग पुढचं रान, मग त्याच्या पुढचं. ऊन चढलं. मी पाण्याची बाटली घेऊन मागं मागं. पाचवं रान संपल्यावर त्या बांधावर बसल्या आणि कागद मांडीवर पसरला.

"माशीनं पसरवला असता तर विस्कटलेला दिसला असता," त्या म्हणाल्या. "इथं सात, तिथं दोन. हा बघ. हा ओळीनं चाललाय. एक ओळ संपली की वळून दुसऱ्या ओळीत. माशी अशी चालते का?"

मी कागदाकडं बघितलं. त्या दिवशी मी ज्या क्रमानं चालले होते, त्याच क्रमानं फुल्या होत्या.

मॅडमनी वर बघितलं. "कात्री बुडवत होतीस?"

"हो."

"प्रत्येक वेळी?"

"हो, मॅडम."

त्यांनी माझ्याकडं क्षणभर पाहिलं. मग कागदाची घडी घातली. "तू बुडवली म्हणतेस तर बुडवली. म्हणजे बुडवूनही गेलाय. का गेला ते शोधू."

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी बसले होते. बाहेर ज्वारीला कणसं धरली होती, हरभरा टपोरला होता. एरवी त्या वाटेवर मी मॅडमना आमच्या करमाळ्याच्या रानातलं काही ना काही सांगत असे. त्या दिवशी डोळे मिटून तो सगळा दिवस ओळीओळीनं पुन्हा चालले. पहिल्या ओळी आठवत होत्या, दुधाचा डबा, बायकांचं हसणं. काकींच्या रानातल्या शेवटच्या दोन ओळी मात्र आठवत नव्हत्या. विहिरीकडच्या. तोवर जेवणाची हाक आली होती, भूक लागली होती, हात आपोआप चालत होते. मी बुडवली असणार. पण आठवत नव्हतं. मोहोळ गेलं, पाकणी गेलं, सोलापूर आलं, आणि मी ते मॅडमना सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात विभागप्रमुखांनी मॅडमना बोलावलं. दार अर्धं उघडं होतं. सर समजुतीच्या सुरात म्हणत होते, "अहो, एक झाड आधीच आजारी होतं ना? मग रोपातूनच आला म्हणायला काय हरकत आहे? ते खोटंही नाही. आपण कशाला अंगावर घ्यायचं?"

"सर, एक झाड रोपातून आलं," मॅडम म्हणाल्या. "बाकीची आपण दिली."

शनिवारी आम्ही पुन्हा गावात गेलो. शाळेच्या व्हरांड्यात माणसं जमली होती. मॅडम उभ्या राहिल्या. त्यांच्या मराठीला तेलुगूचा हेल होता, घाबरल्या की तो वाढायचा. त्या दिवशी खूप वाढला होता.

"रोग आमच्या हातानं आलाय," त्या म्हणाल्या. "आम्ही पानं कापली, त्या कात्रीतनं. कात्री आम्ही औषधात बुडवत होतो, तरी आला. कसा, ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की येऊन सांगेन. पण एक कळलंय. काकींच्या रोपात दोष असता तर वाफ्यावर राहिलेली रोपंही पडली असती. ती बघून आलेय मी. धडधाकट आहेत."

मी खाली मान घालून बसले होते. आता सगळे माझ्याकडं बघतील असं वाटत होतं, कारण कात्री कुणाच्या हातात होती ते गावानं पाहिलं होतं. पण मॅडम 'आम्ही' म्हणत राहिल्या. शेवटपर्यंत त्या एका शब्दावरून हलल्या नाहीत.

मग काकी उठल्या. सगळ्यांच्या मधून चालत त्या पुढं आल्या आणि त्यांनी मॅडमचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे करून पाहिले, लहान मुलाचे बघावे तसे.

"ह्या हातानं आला म्हनता?"

"हो."

"मग ह्याच हातानं उपटा. चला."

दोन दिवस आम्ही आजारी झाडं उपटली. मॅडम, मी, काकी, आणि दुसऱ्या दिवशी गावातले बाकीचेही. मॅडमना सवय नव्हती, त्यांच्या तळहातांना फोड आले. झाडं बांधावर जाळली. ओल्या पानांचा धूर डोळ्यांत जायचा, कडू, जड. काकी मध्येच म्हणाल्या, "बाई, तुमी लई शिकल्याल्या दिसता, पर उपटताना कंबर वाकवायची ह्ये काय शिकवलं न्हाय तुमाला." मॅडम हसल्या. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघत होते.

मग जाळीघरातले ते महिने. माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुंदर महिने, असं आज म्हणते. तेव्हा ते नुसते कष्टाचे होते.

ती कात्री मॅडमनी एक दिवस घरी नेली, नायनांच्या हातात दिली. मी समोर बसले होते. नायनांनी पात्यांवरून अंगठा फिरवला, मग दोन पाती जिथं खिळ्यानं जोडलेली असतात तिथं नखानं टोकरलं. नख वर धरलं. त्यावर हिरवट काळं काहीतरी होतं.

"खिसे," ते म्हणाले. "हे दूध पीत नाही, अम्मायी. वरवर तोंड धुते."

मॅडम कितीतरी वेळ त्या नखाकडं बघत राहिल्या. खाली माग चालू होते, भांडी थरथरत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून प्रयोग सुरू झाला. कॉलेजातली मिळेल ती जुनी कात्री, काकींच्या गावातनं आणलेल्या चार, आणि बाजारातनं चार नव्या. आजारी पान कापायचं, कात्री दुधात बुडवायची, मग ती चाकवताच्या पानावर घासायची. पानाच्या मधल्या शिरेच्या डावीकडं नवी कात्री, उजवीकडं जुनी, म्हणजे दोघींना एकच पान, एकच ऊन, एकच पाणी. बुडवण्याचं काम या वेळी मॅडमनी स्वतः केलं. मला वाटलं, आपल्यावरचा विश्वास उडाला. त्यांना बहुतेक ते कळलं. "मी बुडवते, तू मोज," त्या म्हणाल्या. "आणि कुठलं पान कुठल्या कात्रीचं, ते मी तुला सांगणार नाही. उद्या कुणी विचारलं तर तुझ्या डोळ्यांना माहीतच नव्हतं म्हणता आलं पाहिजे."

चौथ्या दिवशी मी भिंग लावून बसले. डावी बाजू कोरी. उजवी बाजू ठिपक्यांनी भरलेली. पुढचं पान, डावी कोरी, उजवी भरलेली. मी आकडे सांगत होते, मॅडम लिहीत होत्या. लिहिता लिहिता त्यांचा पेन थांबला. त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाल्या, "पुढचं."

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. नायनांनी एका जुन्या कात्रीची पाती आठवडाभर बसून घासली. आधी खरबरीत दगड, मग बारीक, मग तेल आणि चामडं. खिळा काढून नवा बसवला. कात्री आरशासारखी झाली. तीच कात्री पुन्हा दुधात बुडवून पानावर घासली. चार दिवसांनी पान कोरं. म्हणजे दोष लोखंडाच्या जुनेपणात नव्हता, त्याच्या झिजेत होता. म्हातारे नायना ते पान हातात घेऊन बसले. ठिपके आहेत की नाहीत हे त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. तरी ते पानावरून अंगठा फिरवत होते.

त्यानंतर मॅडमचं काम वळलं ते वळलंच. विषाणू आणि झीज, या दोन गोष्टी त्यांनी पुन्हा कधी वेगळ्या केल्या नाहीत. विळे, सुतळी, रोपांचे ट्रे, रबरी हातमोजे, बादल्यांच्या कड्या. कुठली वस्तू किती झिजली की तिच्यात किती रस मुरतो आणि किती दिवस जिवंत राहतो, हे त्या मोजत राहिल्या. इंजिनिअरिंग कॉलेजात धातूचं पृष्ठ बघायचा सूक्ष्मदर्शक होता. तिथं वेळ मागायला गेल्या तेव्हा एक तरुण प्राध्यापक म्हणाला, "मॅडम, तुम्ही चुकून इकडं आलात. वनस्पतिशास्त्र त्या गेटला." मॅडमनी पर्समधून कात्री काढली. दोन महिन्यांनी तोच प्राध्यापक दर गुरुवारी आमची वाट बघायचा. झिजेच्या मॅडमनी चार पायऱ्या केल्या होत्या आणि नावं नायनांचीच ठेवली होती. नवं, मळलं, घासलं, खाल्लं. नियतकालिकात छापताना इंग्रजी नावं द्यावी लागली, पण वहीत शेवटपर्यंत तीच चार होती.

निबंध छापून आला तेव्हा त्यावर दोन नावं होती. मॅडमचं आणि माझं. करमाळ्याला वडलांनी तो अंक देव्हाऱ्यात ठेवला. इंग्रजी त्यांना येत नव्हतं, पण माझं नाव ते बोटानं दाखवायचे, "ही आमची." ते बोट ठेवायचे आणि मला विहिरीकडच्या दोन ओळी आठवायच्या. सगळ्या संशोधनाची सुरुवात माझ्या एका 'हो'पासून झाली होती आणि तो 'हो' पुरता खरा होता की नाही, हे मलाच माहीत नव्हतं.

गावाला दिलेला शब्द मॅडमनी पाळला. सांगायला गेल्या. काकींनी रोपं करणं सोडलं नाही. पुढच्या मोसमात आम्ही गेलो तेव्हा त्यांच्या वाफ्यापाशी माणसं रोपं न्यायला थांबली होती आणि काकी एकेकाचा विळा हातात घेऊन अंगठा फिरवत होत्या. "हा न्हाय चालायचा. ह्याला खिसं पडल्यात. दुसरा आना, मग रोप देते." मॅडम लांबच उभ्या राहिल्या. जवळ गेल्याच नाहीत. "बघू दे मला थोडा वेळ," म्हणाल्या.

मग मला अकलूजला नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. नायना गेले. काकी गेल्या. मॅडम निवृत्त झाल्या. जाळीघर नव्या माणसांना नको होतं.

परवा पेपर संपल्यावर मी अशोक चौकात उतरले. घर तेच, पण खालचे माग निघालेत, तिथं आता टॉवेलांच्या पॅकिंगचं काम चालतं. जिना थरथरला नाही. मॅडम पलंगावर पाय लांब करून गवार मोडत बसल्या होत्या. गुडघे गेलेत, केस पांढरे झालेत, घड्याळ तेवढंच मोठं.

"रा, रा," त्या तेलुगूतच ये ये म्हणाल्या. "बस. यंदा पेपर कसे लिहिलेत पोरांनी?"

पेपरांचं झालं, माझ्या मुलांचं झालं, गुडघ्यांचं झालं. आणि मग, कसं कोण जाणे, मी म्हणाले, "मॅडम, एक सांगायचंय. पंचवीस वर्षांपूर्वी सांगायला हवं होतं."

"सांग की."

मी सांगितलं. शेवटच्या दोन ओळी. जेवणाची हाक. आठवत नसतानाही 'हो' म्हणाले ते. बोलताना माझा आवाज कॉलेजातल्या पोरीसारखा झाला होता. तुम्ही माझ्या शब्दावर गावासमोर उभ्या राहिलात, असंही काहीतरी म्हणाले.

मॅडमनी हातातली गवार खाली ठेवली. "तुझ्या शब्दावर मी प्रयोग केला," त्या सावकाश म्हणाल्या. "प्रयोग तुझ्या शब्दावर उभा नाही. बुडवणारी मी होते. तू बुडवली असती, नसती, ठिपके तेच आले असते." मग विचारलं, "कुठल्या ओळी म्हणालीस?"

"विहिरीकडच्या. काकींच्या रानातल्या."

त्यांनी डोळे मिटले. उजव्या हाताचं बोट चादरीवरून फिरू लागलं, बांधाकडून विहिरीकडं, वळून पुन्हा बांधाकडं. ओठ हलत होते.

"आजारी झाड तिसऱ्या ओळीत," त्या म्हणाल्या. "तिथून नवव्या ओळीपर्यंत गेला. पुढं फुल्या नाहीत. कात्रीत तोवर त्या झाडाचं काही उरलं नसेल. मग शेजारच्या रानांत पुन्हा लागला, कारण जेवण झाल्यावर तू जाता जाता त्या आजारी झाडाचं आणखी एक पान घेतलंस. मीच सांगितलं होतं घ्यायला." डोळे उघडले. "विहिरीकडचं एकही झाड पडलं नव्हतं गं."

"मॅडम, मला बरं वाटावं म्हणून तर..."

त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. जाळीघराच्या दोन दारांमध्ये नखं बघताना पाहायच्या, तसं. "कुणाला बरं वाटावं म्हणून मी कधी झाडं मोजलीत?"

"नाही, मॅडम."

"विसरलीस तू. त्या ओळी नंतर फळाला आल्या. काकीनं पिशवी भरून टोमॅटो दिले होते, एस.टी.त तुझ्या मांडीवर होते. मला नको म्हटलं, तू सगळे करमाळ्याला नेलेस."

आणि मला आठवलं. पिशवीचं ओलं बूड, साडीवर पडलेला लाल डाग. घरी आईनं तव्यावर त्यांची चटणी केली होती, वर लसूण ठेचून. खाता खाता आई म्हणाली होती, "लई ग्वाड हायती की गं, कुटनं आनलीस?" आणि मी दुसरी भाकरी मोडून घेतली होती.

पंचवीस वर्षं ज्या दोन ओळींना मी भीत होते, त्यांची फळं मी त्याच उन्हाळ्यात पोटभर खाल्ली होती.